सुमती सिस्टरची टिंबं

खांदा कॉलनीतल्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोनच दारं आहेत. एक आमचं, एक सुमती सिस्टरांचं. त्यामुळे सिस्टरांबद्दल मला जे माहीत आहे ते ऐकीव नाही. मी स्वतः कान लावून मिळवलेलं आहे. माझी बायको चारुता म्हणते, "निनाद, त्यांच्या दाराला कुलूप लागत नसेल तेवढा वेळ तू लागलेला असतोस." म्हणू दे. कॉलनीत कुणीतरी हे काम करायला हवं, आणि बाकीच्यांना ऑफिस असतं.

सिस्टर सहासष्ट वर्षांच्या. लग्न केलं नाही. का केलं नाही याच्या माझ्याकडे तीन कहाण्या आहेत आणि तिन्ही मीच पसरवलेल्या आहेत. चाळीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची वीस जुन्या पनवेलातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात. ते हॉस्पिटल आता राहिलेलं नाही, तिथे कपड्यांचं दुकान झालंय. पण सिस्टर अजून सिस्टरच आहेत. जिना चढताना खालच्या मजल्यावरचे काशीराम एकदा तिसऱ्या पायरीवर थांबले, कठड्याला धरून. मागून सिस्टर भाजीची पिशवी घेऊन येत होत्या. "उद्या कार्डिओग्राम काढा," एवढंच म्हणाल्या आणि पुढे गेल्या. काशीरामांनी काढला, आणि आठवड्याच्या आत त्यांची छाती उघडून पुन्हा शिवलेली होती. तेव्हापासून इमारतीतली माणसं सिस्टर समोरून आल्या की पोट आत घेतात आणि चेहरा टवटवीत करतात.

मला मात्र त्या म्हणायच्या, "तुला काही होत नाही. तुझं तोंड बंद झालं तर रोगाला आत शिरायला वाट मिळेल ना."

ही त्यांची नजर हॉस्पिटलात तर फारच गाजलेली होती. तिथे दर गुरुवारी लिव्हरची ओपीडी असायची. हेपटायटीस सी नावाचा आजार. कावीळच, पण मुकी. कधीकाळी एखाद्या सुईतून, न तपासलेल्या रक्तातून, न्हाव्याच्या वस्तऱ्यातून विषाणू आत शिरतो आणि वीस-वीस वर्षं यकृतात बसून राहतो. माणसाला पत्ता नसतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी त्याच्यावर जे औषध होतं, ते रोगापेक्षा कडक होतं. आठवड्याला एक इंजेक्शन, सोबत रोजच्या गोळ्या, असं सहा महिने. इंजेक्शन घेतलं की बहुतेकांना थंडी वाजून ताप भरायचा, केस गळायचे, माणूस बायकोवर नाहीतर देवावर खेकसायचा. आणि एवढं सोसून सगळे बरे होतील याची खात्री नाही. दहातले सात व्हायचे, तीन नाही.

म्हणून पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाचा एकच प्रश्न असायचा: मी सातांतला की तिघांतला?

मोठे डॉक्टर, डॉ. कृष्णकांत, हे कागदावर मांडून बसायचे. विषाणूची जात कुठली, रक्तात तो किती, यकृत किती निबर झालंय, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चौथ्या आठवड्याला रक्तातून गायब झाला का. एवढं सगळं करूनही ते म्हणायचे, "साधारण असं वाटतं." सिस्टर काही मांडायच्या नाहीत. इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी पेशंटला फोन करून दोन मिनिटं बोलायच्या, आणि पुढच्या गुरुवारी तो आला की केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने खूण करायच्या. टिंब म्हणजे बरा होणार. आडवी रेघ म्हणजे नाही.

गंमत म्हणून सुरू झालेलं. पण केसपेपर पेशंटच्याच हातात असतो. या खिडकीतून त्या खिडकीत तोच घेऊन फिरतो. हां हां म्हणता बाकावर बसणाऱ्या सगळ्यांना टिंबाचा अर्थ कळला. "काय, टिंब मिळालं?" असं माणसं एकमेकांना विचारू लागली. कळंबोलीच्या एका ट्रक ड्रायव्हरने टिंब मिळाल्यावर पेढे वाटले होते, रिपोर्टची वाट न पाहता. आणि "कशावरून ओळखता हो?" असं कुणी विचारलं की सिस्टर नुसत्या हसायच्या. ते हसू मी अजून बघतो ना. पदकं मिळालेली माणसं तसं हसतात.

हे सगळं मी त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. त्यात शहजादचं नाव कधीच नव्हतं.

गेल्या वर्षी सिस्टरांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. ऑपरेशनच्या आधी रक्त तपासतात, त्यात निघालं: हेपटायटीस सी. कधीतरी टोचलेली एखादी सुई. हजार जणांचं रक्त तपासायला पाठवणाऱ्या बाईने स्वतःचं कधी पाठवलंच नव्हतं.

नव्या हॉस्पिटलात त्यांना मीच घेऊन गेलो. गाडी माझी, म्हणून कानही माझे. डॉ. रेवा नावाची मुलगी होती, तिशीही न ओलांडलेली.

"आता इंजेक्शन नाही, सिस्टर," ती म्हणाली. "रोज एक गोळी, चौऱ्याऐंशी दिवस. मग तीन महिने थांबायचं आणि शेवटची टेस्ट. शंभरातले पंचाण्णव बरे होतात."

"ते पाच कोण?"

"ते आधी नाही सांगता येत."

"आम्ही सांगायचो," सिस्टर म्हणाल्या.

मुलगी हसली. सिस्टर हसल्या नाहीत.

गोळ्या सुरू झाल्या. रोज सकाळी पेपर वाचायच्या निमित्ताने मी त्यांच्याकडे जातो. पेपर आमच्याकडेही येतो, पण त्यांच्याकडच्या बातम्या जास्त असतात. बघतो तर टेबलावर थर्मामीटर. सकाळी लावायच्या, दुपारी लावायच्या, संध्याकाळी लावायच्या.

"ताप आहे का?" मी विचारलं.

"नाही ना," त्या म्हणाल्या, एखाद्याने पाहुणे आले नाहीत म्हणून सांगावं तसं.

"मग वाईट काय? हवं तर आमंत्रण पाठवू का तापाला? हळदीकुंकू लावून?"

त्यांनी थर्मामीटर पुसून डबीत ठेवला. उलट टोमणा आला नाही. वीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं. घरी येऊन मी चारुताला सांगितलं, काहीतरी बिनसलंय.

दीड महिना गेला असेल. गुरुवार होता. सिस्टर स्वयंपाकघरात चहा टाकत होत्या आणि मी, सवयीप्रमाणे, टेबलावरच्या वस्तूंची पाहणी करत होतो. गोळ्यांची बाटली होती. एका बाटलीत अठ्ठावीस. ही दुसरी बाटली, म्हणजे आतापर्यंत निम्मीअधिक रिकामी व्हायला हवी. मी हलवून बघितली. जड. झाकण उघडलं, मोजल्या, तेवीस होत्या. खाली त्यांची फाईल होती. पहिल्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक आडवी रेघ मारलेली.

चहाचे कप घेऊन सिस्टर दारात उभ्या होत्या.

"बघितलंस सगळं?"

"सिस्टर, हे काय? अकरा दिवस झाले गोळी घेतली नाहीत!"

"लागत नाही ते औषध मला. अंगाला कळतं. एवढ्या दिवसांत एकदा कसर नाही, कणकण नाही, काही नाही. औषध लागलं की अंग भांडतं. माझं भांडतच नाही." त्यांनी कप ठेवले. तीन होते. त्यांच्याही लक्षात आलं, तिसरा त्यांनी परत नेला. आतून म्हणाल्या, "आणि तो येतो."

"कोण?"

"गप्प बस आणि ऐक. साडेनऊ होतायत."

मी ऐकलं. खाली काशीरामांच्या समोरच्या रंजिताचा मिक्सर चालू होता, बंद झाला. मग जिन्यात काहीतरी वाजलं. भांड्यात बर्फाचे खडे हलावेत तसं. एक पायरी, थोडं थांबून दुसरी पायरी. पहिल्या मजल्यावर थांबलं. मी दार उघडून धावत खाली गेलो. कुणी नव्हतं. काशीरामांचं दार बंद, रंजिताचं बंद. पायऱ्या कोरड्या. मी आवाज न करता परत वर आलो, आणि मी आवाज न करता कुठेही जात नाही हे इमारतीत कुणालाही विचारा.

"कुणी बर्फ आणला असेल," मी म्हणालो.

"हो," सिस्टर म्हणाल्या. "शहजाद आणायचा."

मग त्यांनी सांगितलं. ते इंजेक्शन थंड ठेवावं लागायचं. मुंबईहून आणायचं तर बर्फात. शहजाद उरणजवळच्या मोरा बंदराचा, छत्तीस वर्षांचा, सौदीत एसीची कामं करणारा. सुट्टीवर घरी आला, परत जायच्या वेळी मेडिकलमध्ये हा आजार निघाला आणि नोकरी अडकली. बरा झाल्याचा कागद मिळाला तरच परत जाता येणार होतं. रुंद तोंडाच्या निळ्या थर्मासमध्ये बर्फ भरून, त्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं इंजेक्शन ठेवून तो दर गुरुवारी साडेनऊला हॉस्पिटलचा जिना चढायचा. बर्फ वाजला की सिस्टर न बघता म्हणायच्या, "या शहजादभाई." तो म्हणायचा, "सिस्टर, दुनियेला गार हवा देणारा मी, आणि माझीच दवा गार ठेवता ठेवता जीव जातोय."

पहिल्या इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी फोन केला. "ताप?" "नाही सिस्टर, एकदम फर्स्ट क्लास." दुसऱ्या आठवड्यालाही तेच. सिस्टरांनी कोपऱ्यात रेघ मारली.

"म्हणजे तुमची नजर म्हणतात ती एवढीच? ताप?" मी विचारलं.

"एवढीच. ज्याला ताप चढतो त्याच्या अंगात लढाई लागली असं मी धरायचे. कुणाला सांगितलं नाही कधी. सांगितलं असतं तर काय राहिलं असतं माझ्यापाशी?"

चौथ्या गुरुवारी शहजादने रक्त दिलं. जाताना केसपेपर खिडकीवर ठेवून त्या रेघेवर बोट टेकवलं. काही विचारलं नाही. नुसतं सिस्टरांकडे बघितलं. सिस्टरांना काहीतरी बोलायचं होतं, पण मागे रांग होती, त्यांनी पुढचं नाव पुकारलं. पाचव्या गुरुवारी तो आला नाही. नंतर कधीच नाही. चार वर्षांनी दुसऱ्या एका पेशंटकडून कळलं, रक्ताची उलटी होऊन गेला.

"मी रेघ मारली आणि तो गेला," सिस्टर म्हणाल्या. "माझी रेघ खरी ठरते, निनाद. म्हणून मी माझ्यावरही मारली. खोटं कशाला?"

मी घरी आलो आणि चारुताला काही सांगितलं नाही. यावरून तिने ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

दोन दिवसांनी मी सिस्टरांना डॉ. कृष्णकांतांकडे नेलं. ते निवृत्त होऊन नवीन पनवेलात राहतात. ऐंशी झाले, पण कानापेक्षा डोकं चांगलं चालतं. मी आधीच फोनवर सगळं ओरडून सांगितलं होतं. माझा हिशोब साधा होता: मोठ्या डॉक्टरने दरडावलं की म्हातारी गोळ्या घेईल. अशी माझी हुशारी.

डॉक्टरांनी एक जुनी वही काढून ठेवली होती. "सिस्टर, तुमची टिंबं मी उतरवून ठेवायचो. तुम्हाला माहीत नव्हतं. अडतीस पेशंट झाले एकूण. तुमची किती बरोबर आली असतील?"

"पस्तीस तरी," सिस्टर म्हणाल्या.

"अठ्ठावीस."

"वाईट नाही," मी मध्येच म्हणालो.

"थांबा हो तुम्ही. अडतीसांतले बरे किती झाले? तेही अठ्ठावीस. म्हणजे डोळे मिटून सगळ्यांना टिंब दिलं असतं, तरी तेवढीच बरोबर आली असती." त्यांनी पान उलटलं. "सहा रेघा मारल्यात तुम्ही. त्यांतले तिघं ठणठणीत बरे झाले. हे बघा, नावं आहेत. तापाचा काही संबंध नव्हता सिस्टर. ताप औषधाचा असतो. बरं होण्याशी त्याचं देणंघेणं नाही. तुम्हाला काही दिसत नव्हतं."

हे त्यांनी प्रेमाने सांगितलं. सुटका करायला सांगितलं. मलाही वाटलं, चला, रेघेत काही दम नाही म्हटल्यावर बाई मोकळी झाली. मी सिस्टरांकडे बघितलं. त्या खुर्चीत तशाच बसल्या होत्या, पण आतून कुणीतरी उठून गेल्यासारख्या.

"मग त्याला मी कशासाठी घालवलं?" त्या म्हणाल्या.

डॉक्टरांना ऐकू गेलं नाही. मला गेलं.

गाडीत बसल्यावर त्यांनी पर्समधून एक पाकीट काढलं. कडा मऊ झालेलं. आत प्रयोगशाळेचा एकच कागद होता. शहजादचं नाव, चौथ्या आठवड्याची तारीख, आणि खाली छापलेलं: विषाणू आढळला नाही. ज्या एका खुणेवर डॉक्टर सगळ्यात जास्त भिस्त ठेवायचे, ती खूण त्याला मिळाली होती.

"त्याने सोडल्यावर आठ दिवसांनी आला हा," सिस्टर म्हणाल्या. "मी तीनदा फोन लावला. बंद होता. केसपेपरवर मोऱ्याचा पत्ता होता. वॉर्डबॉयला पाठवलं असतं तर तासाभरात पोचला असता. मी नाही पाठवलं. डॉक्टरांनी विचारलं, शहजादचं काय झालं, तर म्हटलं, त्याने बंद केलं. कागद दाखवला नाही. मी वाट बघत होते रे, की हा रिपोर्ट चुकीचा निघेल. माझी रेघ चुकली म्हणून बाकावरची माणसं हसतील, एवढीच भीती होती. एवढीच."

सिग्नल सुटला, मागचे लोक हॉर्न वाजवत होते, आणि मला गिअर कुठला टाकायचा ते आठवेना.

मोऱ्याला जायचं त्यांनीच ठरवलं. कंटेनरच्या रांगांमधून दीड तास लागला. धक्क्याच्या अलीकडे, जाळी सुकत घातलेल्या गल्लीत विचारत विचारत घर सापडलं. शहाबानो ओटीवर मशीन मांडून शाळेचे गणवेश शिवत होती. पन्नाशीला टेकलेली, चष्मा नाकावर. तिने पाय न थांबवता वर बघितलं.

"शहाबानो, मी सुमती. पनवेलच्या हॉस्पिटलातली..."

"ओळखलं. बसा." मशीन थांबलं. "ते म्हणायचे, सिस्टरच्या हाताची सुई कळत नाही."

सिस्टरांनी पाकीट पुढे केलं. इंग्रजी होतं, म्हणून मी वाचून दाखवलं. तारीख वाचली, ओळ वाचली.

"म्हणजे काय?"

"म्हणजे औषध लागत होतं," सिस्टर म्हणाल्या. "चांगलं लागत होतं."

शहाबानोने कागद हातात घेतला, उलटा करून मागची कोरी बाजू बघितली, पुन्हा सुलटा केला. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "मग रेघ कशाला मारलीत?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"घरी येऊन बसले इथे, या पायरीवर. म्हणाले, बानो, सिस्टरने रेघ मारली. मी म्हटलं, अहो पेन्सिलीची रेघ ती. तर म्हणाले, बाकावर सगळ्यांना विचार, सिस्टर चुकत नाही. मग मी उगाच सहा महिने घराला का छळू? सांगा ना, का मारलीत?"

सिस्टरांनी ती गोष्ट, जी आयुष्यभर कुणाला सांगितली नव्हती, त्या ओटीवर सांगितली. "त्यांना ताप आला नाही म्हणून."

"ताप नव्हता?" शहाबानो उभी राहिली. "कोण म्हणतं ताप नव्हता? दर इंजेक्शननंतर तीन दिवस जळत होते ते! घरातल्या सगळ्या गोधड्या टाकून मी वर बसायची, तरी दात वाजायचे. पाण्याच्या पट्ट्या ठेवून माझी बोटं सुरकुतली."

"मला म्हणाले, फर्स्ट क्लास."

"तुम्हाला तेच म्हणणार! त्यांना वाटलं, ताप सांगितला तर अंगाला झेपत नाही म्हणून तुम्ही सुई बंद कराल, मग सौदी गेलं. मला कसम घातली होती, कुणापाशी बोलायचं नाही."

गल्लीतून कुणीतरी मासळीची टोपली घेऊन गेलं. शहाबानो बसली. मला तेव्हा दिसलं की सिस्टरांच्या हिशोबानेही शहजादला टिंबच मिळायला हवं होतं. म्हणजे खोट्या नियमानेही नाही आणि खऱ्या नियमानेही नाही. माणूस कुठल्याच नियमाने गेला नव्हता. दोन माणसं एकमेकांपासून काहीतरी लपवून बसली होती, एक मान जाईल म्हणून आणि एक नोकरी जाईल म्हणून, त्यातून गेला. हे मी तिथे बोललो नाही. इथे लिहितोय कारण मला ते एकट्याला ठेवता येत नाही.

"आज का आलात?" शहाबानोने विचारलं. "पंधरा वर्षांनी?"

"मलाही तोच आजार आहे. गोळ्या आहेत आता. मी सोडल्यात."

"का?"

सिस्टर पर्सची चेन उघडझाप करत राहिल्या.

"का सोडल्यात, हे विचारतेय."

"ताप येत नाही," सिस्टर म्हणाल्या, शाळेतल्या मुलीसारख्या.

शहाबानोने चष्मा काढून मशीनवर ठेवला. मग म्हणाली, "माफी मागायला आला असाल तर ती माझ्याकडे नाही. इतकी वर्षं झाली, अजून झाली नाही तयार. पण एक ऐका. माझ्या माणसाला अर्ध्यात उठवलंत, आता स्वतःही अर्ध्यात उठून त्याच्या बाजूला जाऊन बसणार? तेवढी जवळीक नाही तुमची. गोळ्या पूर्ण करा. दर जुमेरातीला मी फोन करीन. खोटं बोलायचं नाही. खोट्याने काय होतं ते माझ्या घराने बघितलंय."

जुमेरात म्हणजे गुरुवार. शहजादचा कागद तिने मशीनच्या खणात ठेवला आणि गणवेशाची बाही पुन्हा सुईखाली घेतली.

दुसऱ्या दिवशी डॉ. रेवाने सिस्टरांना चांगलं झापलं. रक्त तपासलं, खंड पडूनही विषाणू दिसत नव्हता. बुडालेले दिवस शेवटी जोडायचे ठरवून तिने गोळ्या पुढे चालू केल्या. "आता होईल का बरं?" मी विचारलं. "शेवटच्या टेस्टला कळेल," ती म्हणाली. आधी काही न सांगणारी माणसं मला एरवी आवडत नाहीत, पण त्या दिवशी बरं वाटलं.

आणि गुरुवारी फोन आला. मी पेपर घेऊन तिथेच होतो. सिस्टरांनी तो टेबलावर ठेवूनच स्पीकरवर उचलला.

"खाल्ली?"

"खाल्ली."

संपलं. नमस्कार नाही, सलाम नाही, कशी आहे तब्येत नाही. पुढच्या गुरुवारी तेच. सिस्टर आता थर्मामीटर लावत नसत, पण गुरुवारी सकाळपासून त्यांचा हात फोनजवळ असे आणि चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. मी एकदा गंमत केली, "सिस्टर, हॉस्पिटलात तुम्ही राउंड घ्यायचात, आता तुमचा घेतला जातोय." त्या म्हणाल्या, "तुझा कोण घेईल देव जाणे." टोमणा परत आला म्हणून मी जिन्यात उड्या मारत उतरलो. शहजाद अजून येतो का, हे मात्र मी विचारलं नाही. मोठ्या तोंडाचा माणूस असलो तरी काही दारांना मी कान लावत नाही. निदान गुरुवारी सकाळी तरी नाही.

गोळ्या संपल्या. तीन महिन्यांचं थांबणं सुरू झालं. फोन येतच राहिले. "खाल्ली?" या प्रश्नाला आता काय सांगायचं म्हणून सिस्टर पहिल्या वेळी अडखळल्या. "संपल्या गोळ्या. आता टेस्टची वाट." पलीकडून "हं" आलं. पुढल्या गुरुवारी पुन्हा, "आली टेस्ट?" "नाही अजून." असं बारा वेळा.

या काळात इमारतीतल्या बायका येऊन विचारायच्या, "सिस्टर, तुम्हाला काय वाटतं, होईल ना सगळं नीट?" एकेकाळी दुसऱ्यांचं भविष्य केसपेपरच्या कोपऱ्यात मांडणारी बाई म्हणायची, "मला काही दिसत नाही गं." बायकांना तो विनय वाटायचा.

रिपोर्ट बुधवारी आला. विषाणू आढळला नाही. डॉ. रेवाने फोनवरच सांगितलं, बरा झाला आजार, आता फक्त अधूनमधून यकृताची तपासणी. चारुताने शिरा केला, काशीराम दोन वाट्या खाऊन गेले. सिस्टरांनी सगळ्यांशी हसून घेतलं. शिऱ्याला हात लावला नाही.

गुरुवारी फोन वाजला तेव्हा त्यांनी तो माझ्याकडे सरकवला. "तू सांग."

"शहाबानोबाई, मी निनाद, शेजारी. सिस्टर बऱ्या झाल्या. पूर्ण."

पलीकडे मशीनचा आवाज येत होता. तो थांबला. मी "हॅलो, हॅलो" केलं. मग ती म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला.

"काय म्हणाली?"

"बरं म्हणाली."

सिस्टरांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. चला, प्रकरण मिटलं, असं मी घरी येऊन चारुताला सांगितलं. तिने विचारलं, "कुणाचं?" या बाईला नको तेव्हा नको ते सुचतं.

पुढचा गुरुवार. मी पेपर उघडून बसलो होतो. फोन वाजला. सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. त्यांनी उचलला.

"खाल्ली?"

गोळ्या संपून तीन महिने होऊन गेले होते. रिकाम्या बाटल्या मीच कचऱ्यात टाकल्या होत्या, आणि बऱ्या झाल्याचं शहाबानोला मीच सांगितलं होतं. सिस्टरांनी डोळे मिटले.

"खाल्ली," त्या म्हणाल्या.

पलीकडे मशीन पुन्हा सुरू झालं.